पार्ट टाइम म्हणजे नेमकं काय काय अर्धं?

वाचकाचा प्रश्न : पुण्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका खासगी कंपनीच्या ऑफिसात नऊ वर्षं अकाउंट्समध्ये आहेत. मुलगी १४ महिन्यांची. आतापर्यंत सासूबाई तिला सांभाळत होत्या, पण आता त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. ताई राजीनामा घेऊन साहेबांकडे गेल्या, तर साहेब म्हणाले, “राजीनामा कशाला? पार्ट टाइम या. साडेनऊ ते दीड, पगार अर्धा.” एचआरची एका ओळीची मेलही आली : येत्या १ तारखेपासून पार्ट टाइम. नवरा म्हणतो, अर्धं काम, अर्धा पगार, हिशेब सरळ आहे. आई म्हणते, “पर्मनंट नोकरी हातानं पार्ट टाइम करून घेऊ नकोस, उद्या काढून टाकतील.” ताईंचे प्रश्न असे : पार्ट टाइम झाल्यावर मी पर्मनंट राहते का? पीएफ, ग्रॅच्युइटी बंद होते का? की सरळ राजीनामा देऊन घरून चार दुकानांची जीएसटीची कामं घ्यावीत?

उत्तर :

प्रिय ताई,

आधी आईंची भीती. पर्मनंट आणि पार्ट टाइम हे एकमेकांच्या विरुद्ध शब्द नाहीत. पर्मनंटच्या विरुद्ध टेंपररी, कंत्राटी, मुदतीची नेमणूक. पार्ट टाइमच्या विरुद्ध फुल टाइम. नोकरी किती काळाची, हे पहिल्या जोडीवरून कळतं. दिवसातले किती तास, हे दुसऱ्या जोडीवरून. पर्मनंट माणूस पार्ट टाइम असू शकतो आणि दिवसाला बारा तास राबणारा माणूस अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असू शकतो. तेव्हा नुसते तास कमी केल्यानं तुमची नोकरी कच्ची होत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका विमा कंपनीतल्या अर्धवेळ सफाई कामगाराच्या प्रकरणात हेच म्हटलं : मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा माणूस अर्धवेळ असला तरी तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ ठरतो, आणि त्याला काढताना नोटीस, भरपाई हे सगळं पाळावं लागतं. (तुमच्या हाताखाली माणसं असतील आणि काम मुख्यतः देखरेखीचं असेल, तर तुम्ही त्या व्याख्येत बसता का हा वेगळा प्रश्न आहे. पण तो आज फुल टाइम असतानाही आहेच.)

तरीही आईंची भीती अगदीच हवेतली नाही. कारण आपल्याकडे ‘पार्ट टाइम’ म्हणताना माणसं निरनिराळ्या गोष्टी बोलत असतात. शेजारचा मुलगा ‘पार्ट टाइम करतो’ म्हणतो तेव्हा त्याला मुख्य नोकरीनंतरचं दुसरं काम म्हणायचं असतं, म्हणजे जोडधंदा. कॉलेजातले ‘पार्ट टाइम सर’ पुष्कळदा तासिका तत्त्वावरचे असतात : तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की शून्य. आरोग्य उपकेंद्रात ‘अंशकालीन स्त्री परिचर’ हे पदाचं नावच आहे. आणि खासगी कंपन्यांत अलीकडे ‘पार्ट टाइम’ म्हणून जे दिलं जातं, ते कधी कधी चक्क कन्सल्टंटचं पत्र असतं : महिन्याला बिल द्या, १० टक्के टीडीएस कापून पैसे घ्या, पीएफ नाही, रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. तुमच्या साहेबांच्या मनात यातलं कुठलं आहे, ते त्या एका ओळीच्या मेलमधून कळत नाही. बहुधा साहेबांनाही ते नीट ठाऊक नसावं.

मराठी प्रतिशब्दानं घोळ आणखी वाढतो. ‘अर्धवेळ’ म्हटलं की अर्धाच वेळ, असं वाटतं. ‘अंशकालीन’ हा शब्द रुक्ष असला तरी अधिक खरा आहे : पूर्णाचा कुठलाही अंश, मग तो पाव असो की पाऊण. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अर्धवेळ कामाबद्दलचा करार १९९४ सालचा आहे. त्यातली व्याख्या एवढीच की तशाच कामावरच्या पूर्णवेळ माणसापेक्षा ज्याचे नेहमीचे तास कमी, तो अर्धवेळ. भारतानं त्या करारावर शिक्कामोर्तब केलेलं नाही. नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, पण अमुक तासांच्या खाली म्हणजे पार्ट टाइम, अशी सगळ्यांना लागू रेघ आपल्याकडे नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत पार्ट टाइमचा अर्थ कागदावर जो लिहिला जाईल तोच.

कागदावर ‘पार्ट टाइम’ छापलं म्हणून सगळं संपतं, असंही नाही. अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा वाद गुजरातेतून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सरकारी बाजू अशी की हे अर्धवेळ मानसेवी काम आहे आणि मिळतं ते मानधन, वेतन नव्हे. एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयानं कामाची यादी पाहिली आणि सांगितलं की याला अर्धवेळ म्हणता येणार नाही, आणि ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. लेबलापेक्षा प्रत्यक्ष काम बघायचं, ही दिशा चांगली आहे. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची वेळ तुमच्यावर का यावी?

आता तुमच्या घरातला ‘सरळ हिशेब’. तुम्ही दिलेले आकडे : एकूण पगार ६०,०००, त्यात मूळ पगार ३०,०००, वेळ सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते सहा, अर्धा तास जेवणाचा, म्हणजे आठवड्याला ४० तास. नवी वेळ २० तास, पगार ३०,०००, त्यात मूळ १५,०००. हे अर्धं दिसतं, पण काही गोष्टी अर्ध्याहून खाली जातात, काही आहेत तशाच राहतात, आणि एक गोष्ट मागच्या नऊ वर्षांनाही कापते.

ती ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम. सूत्र असं : शेवटचा मासिक पगार (साधारण मूळ अधिक महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. नव्या संहितेतही सूत्र हेच आहे. गोम ‘शेवटचा’ या शब्दात आहे. आज नऊ वर्षांवर राजीनामा दिलात तर ३०,००० च्या हिशेबानं साधारण १,५५,७६९ रुपये होतात. पार्ट टाइम घेऊन दोन वर्षांनी सोडलंत, तर वर्षं ११ होतील, पण शेवटचा मूळ पगार १५,०००. रक्कम ९५,१९२. दोन वर्षं जास्त काम करून साठ हजारांनी कमी! पूर्णवेळच्या नऊ वर्षांचे पैसेसुद्धा अर्ध्या दरानं मोजले जातात.

कायद्यानं अशी दोन टप्प्यांची मोजणी एकाच परिस्थितीत सांगितली आहे : अपंगत्व आल्यामुळे माणूस कमी पगारावर काम करू लागला, तर आधीची वर्षं आधीच्या पगारानं आणि नंतरची नंतरच्या पगारानं. मूल सांभाळण्यासाठी तास कमी केले तर ती सोय आपोआप मिळत नाही. मात्र कायद्याहून चांगल्या अटी कराराने देता येतात, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा कंपनीकडून एक वाक्य लिहून घ्या : १ तारखेआधीच्या सेवेची ग्रॅच्युइटी पूर्णवेळ पगारावर मोजली जाईल. त्या एका वाक्यानं दोन वर्षांनंतरची रक्कम १,७३,०७७ होते. जवळजवळ ७८ हजारांचं वाक्य आहे, संकोच करू नका. आणि दोन वर्षांनी पूर्णवेळ परतलात तर शेवटचा पगार पुन्हा मोठा होतो, हा प्रश्नच उरत नाही. म्हणून कंपनीलाही हे लिहून देणं फार जड जाऊ नये.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून ‘आज राजीनामा द्या, हिशेब घ्या आणि उद्यापासून पार्ट टाइम नव्यानं लागा’ असं सुचवलं जातं. हातात दीड लाख येतात म्हणून ते गोड वाटतं. पण सेवा तुटते. पुढच्या ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षं पुन्हा शून्यापासून, आणि नऊ वर्षांच्या ज्येष्ठतेचं संरक्षणही गेलं. हे करू नका.

पीएफ बंद होत नाही. त्या कायद्यात कर्मचारी कोण हे ठरवताना तास मोजलेले नाहीत. आस्थापनेच्या कामासाठी वेतन घेतो तो कर्मचारी. पण रक्कम मात्र अर्ध्याहून खाली जाते, ती अशी. आज तुमचे १२ टक्के म्हणजे ३,६०० आणि कंपनीचे ३,६००. कंपनीच्या ३,६०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि २,३५० तुमच्या खात्यात. म्हणजे खात्यात महिन्याला ५,९५० पडतात. मूळ पगार १५,००० झाल्यावर तुमचे १,८००, कंपनीचे १,८००. पेन्शनचे १,२५० तेवढेच राहतात, कारण ते १५,००० च्या मर्यादेवरच मोजतात. खात्यात पडले २,३५०. (तुमची कंपनी आजही फक्त १५,००० वरच पीएफ भरत असेल तर काहीच बदलत नाही, पगारपत्रक उघडून बघा, कपात १,८०० आहे की ३,६००.) खड्डा भरून काढायचा असेल तर स्वतःचा वाटा ऐच्छिक वाढवता येतो, पण अर्ध्या पगारात ते जमेल का, हे तुम्हीच ठरवा.

पेन्शनच्या बाबतीत तुमचं नशीब बरं. मूळ पगार बरोबर १५,००० वर थांबतो. आजचा मूळ २८,००० असता तर अर्धा होऊन १४,००० झाला असता, आणि पेन्शनही १५,००० ऐवजी त्यावरच मोजली गेली असती. पीएफची पेन्शन शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर ठरते, म्हणून पन्नाशी ओलांडून पार्ट टाइम घेणाऱ्या वाचकांनी हा आकडा नक्की तपासावा. चौतिसाव्या वर्षी तो आड येत नाही.

इथेच पगार काढणाऱ्या विभागाची एक नेहमीची चूक सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये नवी पगार रचना भरायचा कंटाळा येतो, म्हणून जुनाच पगार ठेवून महिन्याचे पंधरा दिवस बिनपगारी दाखवतात. हातात येणारे पैसे तेवढेच, म्हणून कुणाला काही कळत नाही. पण पीएफच्या मासिक विवरणात बिनपगारी दिवसांचा वेगळा रकाना असतो, तिथे तुमचे दर महिन्याला पंधरा दिवस अंशदान नसलेले म्हणून चढतात आणि पेन्शनची सेवा कापली जाते. अकाउंट्समध्ये असल्यानं तुम्हाला हे विवरण बघता येत असेल. पहिल्या महिन्यातच बघा. थंब मशीनचंही तसंच : तुमची पाळी साडेनऊ ते दीड अशी बदलली नाही, तर मशीन रोज हाफ डे लावत जाईल आणि महिनाभरात रजा संपलेल्या दिसतील.

रजेचा हिशेब तासांवर नसतो, दिवसांवर असतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम केलं तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. नव्या संहितेत ती अट १८० दिवसांची आहे. रोज चार तास गेलात तरी तो एक दिवसच धरला जातो. पण आठवड्यातले तीनच दिवस पूर्ण वेळ गेलात, तर वर्षाचे दिवस होतात फार तर १५६, आणि ते कुठल्याच अटीत बसत नाहीत. खरं तर पाच दिवसांच्या आठवड्यात २४० चा आकडा पूर्णवेळ माणसालाही काठावरच जमतो, म्हणून बऱ्याच कंपन्या स्वतःच्या नियमानं रजा देतात. तुमच्याकडेही तसं असेल, तर ‘रजा तासांच्या प्रमाणात’ असं लिहून घेतलं की दिवसांची अडचण राहत नाही.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आणखी एक. प्रसूती रजेचा पगार रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर मिळतो. पार्ट टाइम असताना रजेवर गेलात तर २६ आठवडे अर्ध्या दरानं. शिवाय ग्रुप मेडिक्लेम : काही पॉलिसींत ‘पूर्णवेळ कर्मचारी’ असा शब्द असतो. सासूबाईंचं ऑपरेशन त्याच पॉलिसीतून होणार असेल, तर १ तारखेआधी एचआरकडून मेलवर उत्तर घ्याच.

पैशाचं झालं. आता माझ्या मते याहून मोठी चूक जिथे होते ते बोलू : तास अर्धे होतात, काम अर्धं होत नाही. तुमच्या साहेबांनी वेळ सांगितली, पगार सांगितला. कुठली कामं तुमच्याकडून जाणार ते सांगितलेलं नाही. तुम्हीही पत्रात ते विचारलेलं नाही. आज ६०,००० भागिले महिन्याचे साधारण १७३ तास, म्हणजे तुमचा तास ३४६ रुपयांचा. पार्ट टाइममध्येही दर तोच राहतो, २० तास पाळले तर. पण दीडचे अडीच होऊ लागले, संध्याकाळी ‘जरा ते लेजर बघता का’ म्हणून फोन आला, आणि आठवड्याचे २८ तास भरले, तर तोच तास २४७ रुपयांवर येतो. याला ओव्हरटाइमही नाही, कारण कायद्यातला दुप्पट दर दिवसाची नाहीतर आठवड्याची कमाल मर्यादा ओलांडल्यावर लागू होतो. वीस आणि अठ्ठावीसच्या मधले तास त्याच्या खूप अलीकडे आहेत. म्हणून जादा तासांचा दर, किंवा बदली सुट्टी, आधी ठरवावी लागते.

शिवाय अकाउंट्सचं काम महिनाभर सारखं नसतंच. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), २० ला ३बी (जीएसटीचं करभरणा विवरण). या तारखांच्या आदल्या दिवशी दीड वाजता पर्स उचलून निघता येईल का? आणि २२ ते २८ च्या दरम्यान रोज चार तास बसून तुम्ही काय करणार? ‘रोज अर्धा दिवस’ हा साच्याचा पार्ट टाइम आहे. रिसेप्शनला तो ठीक, तुमच्या कामाला तो बसत नाही.

दोन पर्याय मांडून बघा. पहिला, आठवड्याचे तीन पूर्ण दिवस : २४ तास, पगार ६० टक्के म्हणजे ३६,०००. तुमचा जाऊन-येऊन प्रवास दीड तासाचा आहे. पाच अर्ध्या दिवसांत घराबाहेरचे तास २७.५ होतात, आणि तीन पूर्ण दिवसांत जेवणाची सुट्टी धरून ३०. अडीच तास जास्त बाहेर राहून सहा हजार जास्त. मात्र त्या तीन दिवसांना मुलीसाठी दिवसभराचं माणूस किंवा पाळणाघर लागेल, तो खर्च यातून वजा करा.

दुसरा पर्याय, महिन्याचे तास ठरवणं. ८८ तास : देय तारखांच्या आगेमागे नऊ पूर्ण दिवस आणि उरलेल्यात चार अर्धे दिवस. प्रवास बावीसऐवजी तेरा दिवसांचा. साहेबांना हा पर्याय आवडण्याची शक्यता जास्त आहे, कारण त्यांना तुमची गरज त्याच दिवसांत पडते. पण हे तेरा दिवस आदल्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत कॅलेंडरवर लिहून ठेवावे लागतील, नाहीतर ‘उद्या येता का’ सुरू होतं. रजेसाठी वर सांगितलेली दिवसांची अडचण या दोन्ही पर्यायांत आहे, ती विसरू नका.

आणि मुळात एक विचारू का? पार्ट टाइमच हवंय, की सासूबाई हिंडू-फिरू लागेपर्यंतचे काही महिने निभवायचे आहेत? पत्रात कारण गुडघ्यांचं आहे, आणि निर्णय मात्र बेमुदत. कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्यानं पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. प्रसूती रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, दोघांच्या संमतीनं घरून काम करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळते, पण तुमचा त्यातला एकच महिना उरलाय. टॅलीचं काम घरून होत असेल, तर सहा महिने ‘तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर’ पूर्ण पगारावर मागून बघायला काय हरकत आहे? साहेबांनी राजीनामा पाहून लगेच पार्ट टाइम पुढे केला, म्हणजे त्यांना तुम्ही हव्या आहात. तुमच्या पत्रात ‘साहेबांचे उपकार’ हा शब्द दोनदा आलाय. नऊ वर्षांची हिशेबाची माहिती असलेलं माणूस अर्ध्या पगारात मिळणं हा त्यांच्यासाठीही वाईट सौदा नाही.

पार्ट टाइम घेतलाच, तर मुदत घाला. जर्मनीत २०१९ पासून ४५ हून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून नंतर पुन्हा पूर्णवेळ परतण्याचा कायदेशीर हक्क आहे. तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना तो उपयोगी पडतो. आपल्याकडे असा हक्क नाही. तुम्ही परत यायचं म्हणाल तेव्हा ‘सध्या जागा नाही’ हे उत्तर पूर्ण कायदेशीर असू शकतं.

घरून चार दुकानांची जीएसटीची कामं, याबद्दल थोडक्यात. हा धंदा आहे आणि धंद्यासारखाच उभा राहतो : पहिलं वर्ष गिऱ्हाईक जमवण्यात, आणि दुकानदार बिलं १९ तारखेच्या रात्री पाठवणार. मुलगी चौदा महिन्यांची असताना आणि सासूबाई वॉकरवर असताना ही सुरुवात करण्याची वेळ नाही. पुढे करायचंच असेल तर पार्ट टाइमच्या पत्रातच ‘कंपनीशी स्पर्धा नसलेलं काम फावल्या वेळात करण्यास हरकत नाही’ हे वाक्य मागून ठेवा. बहुतेक नेमणूक पत्रांत दुसऱ्या कामाला मनाई असते आणि ती पार्ट टाइम झाल्यावर आपोआप उठत नाही.

एचआरला उत्तर असं पाठवा, शब्द तुमच्या सोयीनं बदला :

“आपल्या मेलबद्दल आभार. कमी तासांच्या व्यवस्थेला माझी पुढील तपशिलांसह संमती आहे. माझं पद आणि मूळ नेमणुकीच्या तारखेपासूनची सेवा अखंड राहील. कामाचे तास महिन्याला ८८, दिवस आदल्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत ठरतील. सुधारित पगार रचना सोबत मिळावी. कमी तास बिनपगारी रजा म्हणून दाखवले जाऊ नयेत. या तारखेपूर्वीच्या सेवेची ग्रॅच्युइटी पूर्णवेळ वेतनावर मोजली जाईल. रजा तासांच्या प्रमाणात. मेडिक्लेम आहे तसा. माझ्याकडे राहणाऱ्या आणि दुसऱ्याकडे जाणाऱ्या कामांची यादी जोडली आहे. ठरल्याहून जास्त तास झाल्यास बदली सुट्टी किंवा तासाला ३४६ रुपये. ही व्यवस्था १२ महिन्यांसाठी असून त्यानंतर मी त्याच पदावर, मधल्या वेतनवाढीसह, पूर्णवेळ रुजू होईन. मुदत वाढवायची असल्यास दोघांनी एक महिना आधी ठरवावं.”

सगळं मान्य होणार नाही. सोडायचंच झालं तर जादा तासांचा दर सोडा, रजेच्या प्रमाणावर थोडी घासाघीस चालेल. सेवेची अखंडता, ग्रॅच्युइटीचं वाक्य आणि परतीची तारीख ही तीन सोडू नका. आणि उत्तरादाखल कन्सल्टंटचं पत्र आलं, तर ते पार्ट टाइम नव्हे, वेगळा व्यवहार आहे. त्याचा दर तुमच्या आजच्या तासाच्या दराइतका असून भागत नाही, कारण पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, रजा, विमा हे सगळं तुम्हालाच त्यातून काढायचं आहे.

अशाच पेचात असलेल्या, पण कमी पगारावरच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. तास कमी होऊन एकूण पगार २१,००० च्या आत आला तर ईएसआय आणि बोनस या दोन्हींचा प्रश्न नव्यानं उभा राहतो, आणि तो बहुतेकदा तुमच्या फायद्याचा असतो, एचआरला विचारा. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसाय करही लागत नाही. आणि दुकानात, दवाखान्यात रोज तीन-चार तास जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत अर्धवेळ माणसाचा तासाचा दर काढताना दिवसाचा दर तासांनी भागून त्यावर १५ टक्के वाढ देण्याची पद्धत आहे. म्हणजे चार तासांना निम्म्याहून थोडं जास्तच मिळायला हवं. आपल्या धंद्याची अधिसूचना कामगार आयुक्त कार्यालयात बघायला मिळते.

ताई, १ तारखेपर्यंत सही केलेलं पत्र हातात आलं नाही, तर त्या दिवशी नेहमीसारख्या साडेनऊ ते सहा बसा. तेवढ्या दिवसांपुरतं मुलीचं बघायला आईंना बोलावून घ्या. दीड वाजता निघायला एकदा सुरुवात केलीत, की मग पत्राची घाई फक्त तुम्हालाच राहील.